पस्तीसच्या खाली

आमची लेक डिसेंबरातली. नाशिकच्या माणसाला डिसेंबर म्हणजे काय ते सांगायला नको, निफाडच्या माणसाला तर त्याहून नको, पेपरात रोज पारा किती उतरला त्याची बातमी आणि पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवून बसलेले द्राक्षवाले. आम्ही निफाड तालुक्यातलेच, बाग आहे, म्हणजे वडलांची आहे, मी अंबडला एका कंपनीत एमआयएसला, म्हणजे दिवसभर एक्सेल. तर अशाच एका पहाटे, दिवस भरायला दोन महिने बाकी असताना बायकोच्या पोटात दुखायला लागलं, गाडी काढली, हायवेला लागलो, आणि दुपारी लोक डबे उघडत होते त्या वेळेला मी बाप झालेलो होतो. वजन १३४० ग्रॅम. एवढंच कळलं. मुलगी आहे हे नंतर कळलं, आधी वजन.

वॉर्डातले मामा म्हणाले, "बाळ पेटीत ठेवलंय." आता आमच्या घरात पेटी म्हणजे द्राक्षाची पेटी, दोन किलोची नाहीतर चार किलोची, दुसरी पेटी आम्हाला माहितीच नाही. मी काचेतून बघत उभा होतो आणि डोक्यात काय चाललंय तर दोन किलोची पेटीसुद्धा हिने भरली नसती. माणूस असल्या वेळी काय विचार करतो त्याला काही ताळतंत्र नसतं.

डॉक्टरांना मी विचारलं तेच, जे सगळे बाप विचारतात. वाचेल ना? त्यांनी फाईलमधून मान वर न करता सांगितलं, "बहात्तर तास जाऊ द्या." मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता, वाटलं हा माणूस पिक्चरमधला डायलॉग मारतोय. खूप वर्षांनी कळलं की त्यांच्या त्या बहात्तर तासांना आधार आहे. पहिल्या २८ दिवसांत जी बाळं जातात त्यातली साधारण चारातली तीन पहिल्या आठवड्यातच जातात, आणि त्यातही पहिला दिवस सगळ्यात वाईट. म्हणजे प्रत्येक तास निघून गेला की बाळाच्या बाजूला थोडं वजन पडतं. डॉक्टर टाळत नव्हते, अंदाजच सांगत होते, फक्त त्याचा आकडा करून देत नव्हते.

अंदाज सांगायला आमच्याकडे अजून एक खातं आहे. पाचव्या दिवशी आजी निफाडहून एसटीने आली, हातात पिशवी, पिशवीत पाचवीच्या पूजेचं सामान, आणि कोरा कागद आणि पेन. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर काय ते लिहून जाते, तिला लिहायला साधन नको का. आता आत तर कुणाला सोडत नव्हते, तेव्हा आजीने एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकड्यावर, चपलांच्या रॅकशेजारी कागद ठेवला, वर पेन, आणि उडू नये म्हणून माझा मोबाईल. रात्रभर मी मोबाईलविना. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला, काही बोलला नाही. सकाळी कागद कोराच होता, आजी म्हणाली तो कोराच दिसतो, आपल्याला वाचता आलं असतं तर मग काय पाहिजे होतं.

लेक आता अकरा वर्षांची आहे, भांडकुदळ आहे, विषय तो नाही.

विषय असा की दोन-तीन वर्षांपूर्वी ओळखीतून शहरातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमधल्या बालरोगतज्ज्ञ मॅडमचा फोन आला. नवजात बाळांच्या वॉर्डाची जुनी रजिस्टरं आहेत, ती कुणीतरी एक्सेलमध्ये भरून द्यायची आहेत, म्हणजे कोणतं बाळ जास्त धोक्यात आहे हे भरती होतानाच ओळखता येतंय का ते बघायचं आहे. पैसे नाहीत, चहा आहे. मी हो म्हणालो. का म्हणालो ते बायकोने विचारलं नाही, तिला माहिती होतं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं की ही गोष्ट काही नवीन नाही. व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाई अमेरिकेत होत्या, त्यांनी १९५२ मध्ये पाच गोष्टींना शून्य, एक, दोन असे मार्क द्यायची पद्धत काढली, रंग, नाडी, हालचाल, श्वास, आणि चिमटा काढल्यावर बाळ तोंड वाकडं करतं का. दहापैकी मार्क. आजही जगभर जन्मल्याबरोबर एक मिनिटाने आणि पाच मिनिटांनी ते मार्क देतात. पण ते मार्क म्हणजे आत्ता या क्षणाला बाळाला मदत लागतेय का हे बघायला, पुढचं भविष्य सांगायला नाहीत. भविष्याचे स्कोअर नंतर आले. १९९३ मध्ये क्रिब नावाचा आला, त्याच वर्षी स्नॅप, आणि स्नॅपची सुधारलेली आवृत्ती २००१ मध्ये. त्यात काय काय लागतं तर रक्तातलं आम्ल किती, ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागला, रक्तदाबाची सरासरी, लघवी किती मिलिलिटर. आता हे सगळं मोजायला ब्लड गॅसचं मशीन पाहिजे, त्याच्या कार्ट्रिज पाहिजेत, आणि रात्री अडीच वाजता ते चालवणारा माणूस पाहिजे. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "ज्या हॉस्पिटलात हे सगळं आहे ना, तिथे स्कोअर नसला तरी चालतो. जिथे स्कोअरची खरी गरज आहे तिथे हे काहीच नाही."

म्हणून मग साधे स्कोअर निघाले. २००० ग्रॅमच्या आतल्या बाळांसाठी एक आहे, एनएमआर-२०००, तो २०२० मध्ये छापून आला, त्यात तीनच गोष्टी. जन्माचं वजन, भरती होताना बोटाच्या, म्हणजे बाळाच्या बाबतीत पायाच्या, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन किती, आणि पहिल्या २४ तासांत श्वासाला जास्तीत जास्त किती आधार द्यावा लागला. झालं. इंग्लंडकडच्या बाळांच्या नोंदींवरून बनवला आणि मग आफ्रिकेतल्या गाम्बियात तपासून बघितला. मला तर तेव्हा वाटलं की मग राहिलं काय, तीन रकाने आहेत, एक फॉर्म्युला आहे, रविवारी बसलो तर संपेल.

मग मी रजिस्टर उघडलं.

ज्यांनी सरकारी म्हणा ट्रस्टचं म्हणा रजिस्टर बघितलंय त्यांना कळेल. लांब, पुठ्ठ्याचं, पाठीला पांढरी पट्टी चिकटवलेली, हाताने आखलेले रकाने, आणि शेवटच्या 'शेरा' नावाच्या रकान्यात जगातलं सगळं. पहिलं काय लक्षात आलं तर वजनं. १५००, १६००, १८००, २०००, २५००. मधली बाळं जन्मालाच येत नाहीत का? १३४० सारखा आकडा अख्ख्या पानावर एखादा. काटा दहा-दहा ग्रॅम दाखवतो, पण लिहिताना हात शंभरावर जाऊन थांबतो. आणि २५०० ला तर गर्दीच, कारण अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, मग वेगळी नोंद, वेगळे प्रश्न, त्यापेक्षा अडीच लिहिलं की सुटलो. तसंच १८०० चं. त्याच्या आत असेल तर नवजात अतिदक्षता कक्षात भरती करायचं असा नियम आहे, तेव्हा खाटा भरल्या असतील त्या दिवशी काट्याला अठराशे जरा जास्त दिसत असणार असा माझा संशय, सिद्ध करता येणार नाही.

अपगार बघितला. एक मिनिटाला ७, पाच मिनिटांना ९. पुढचं बाळ, ७ आणि ९. त्याच्या पुढचं, ७ आणि ९. मी मोठ्या सिस्टरना विचारलं. सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या, तीस वर्षं हेच काम, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "एका हाताने बाळ पुसायचं, एका हाताने श्वास द्यायची अंबू बॅग धरायची, मिनिटाला मार्क कोणत्या हाताने देऊ? ते नंतर बसून लिहितात." त्यावर मी काय बोलणार.

पण ज्या गोष्टीने मला खरं हलवलं ती टेम्परेचरच्या रकान्यात होती. तिथे ३६.५, ३७, ३६.८ असं सगळं ठीक चाललेलं असायचं आणि मधेच ३५. परत ३५. परत ३५. बरोबर ३५, ना वर ना खाली. थंडीच्या महिन्यांत तर एका खाली एक. आणि काही ठिकाणी आकडाच नाही, नुसतं 'लागत नाही'. मला वाटलं हेही अपगारसारखंच, मनाचं लिहिलंय. सिस्टरनी काही न बोलता ड्रॉवरमधून जुनं काचेचं थर्मामीटर काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते उजेडात फिरवून बघितलं, लहानपणी तापात तोंडात धरलेलं तेच. आकडे ३५ पासून सुरू होतात. त्याच्या खाली नाहीतच. ते थर्मामीटर ताप बघायला बनवलंय, गारठा बघायला नाही. बाळ ३४ असेल, ३३ असेल, ३२ असेल, पारा खाली बसून राहणार आणि सिस्टर बिचारी ३५ लिहिणार नाहीतर 'लागत नाही' लिहिणार. आता कमी तापमान दाखवणारी थर्मामीटरं आहेत त्यांच्याकडे, पण ती नंतर आली. म्हणजे माझ्या शीटमध्ये जी बाळं सगळ्यात जास्त गार होती ती सगळी एका ओळीत ३५ म्हणून उभी होती, आणि त्यांच्यात फरक करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

ती बाळं बहुतेक लांबून आलेली असायची. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची. पीएचसीत नाहीतर घरी जन्म, मग १०८ ला फोन, मग रात्रीचा कोटंबी घाट, सावळ घाट. जन्मल्यावर नीट पुसलेलं नाही, ओल्या फडक्यातच गुंडाळलेलं, टोपी नाही, आणि जानेवारीतली हवा. बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. अंगावर चरबी नाही, त्यात कमी दिवसाचं असेल तर कातडी कागदासारखी, डोकं सगळ्या अंगाच्या मानाने मोठं आणि उघडं. गार पडलं की ते ऊब तयार करायला अंगातली साखर आणि ऑक्सिजन जाळतं, साखर उतरते, श्वास बिघडतो, दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून साखर अजून उतरते. ३६.५ ते ३७.५ हे बाळाचं बरोबर तापमान, आणि ३६ ला सुद्धा बाळ गार म्हणायचं, ३५ तर फार झालं.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच, पण 'लागत नाही' लिहिलेली बाळं कॉम्प्युटरला दिली की कॉम्प्युटर काय करतो? रकाना रिकामा आहे म्हणून ओळच उडवतो, नाहीतर सगळ्यांची सरासरी काढून तिथे भरून टाकतो. म्हणजे जे बाळ मरणाच्या दारात इतकं गार पडलं होतं की पारा हलला नाही, त्याला मी एका क्लिकने ३६.६ करून बसलो असतो. कंपनीत आम्ही हेच करतो, मशीनचं रीडिंग नसेल तर ॲव्हरेज टाक, रिपोर्ट जायला पाहिजे. इथे मला पहिल्यांदा कळलं की रिकामा रकाना ही सुद्धा एक नोंद असते, कधी कधी सगळ्यात मोठी. आजीचा कागद आठवला तेव्हा.

शेवटचा रकाना, आउटकम. यात वाटतं की काही गडबड नसणार, बाळ एकतर घरी गेलं नाहीतर गेलंच. पण नाही. 'डिस्चार्ज', 'मृत्यू', 'रेफर', आणि 'डामा'. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं. कांदा लावणीला जायचंय, घरी दोन पोरं एकटी आहेत, बाहेर झोपायला जागा नाही, गावी सासरा म्हणतो आणा घरी जे व्हायचं ते इथे होईल. अंगठा घेतात, सोडतात. ते बाळ माझ्या शीटमध्ये मेलेलं नाही. जिवंतही नाही. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, "डामावाल्यांना वाचलेले धरशील तर तुझा स्कोअर म्हणेल की लवकर घरी नेणं बाळाला चांगलं असतं." मी त्या रात्री झोपलो नाही असं नाही म्हणणार, झोपलो, पण उशिरा.

आकडेमोडीचं जरा सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. स्कोअर चांगला की वाईट हे दोन तऱ्हांनी बघतात. एक, वाचलेलं एक आणि गेलेलं एक अशी दोन बाळं डोळे मिटून उचलायची आणि बघायचं की गेलेल्याला स्कोअरने जास्त धोका दाखवला होता का. प्रत्येक वेळी दाखवला तर देवच, निम्म्या वेळी दाखवला तर नाणं उडवल्यासारखं. यात साधं वजनसुद्धा एकटं बरीच मजल मारतं, ते बघून मी थोडा नाराजच झालो. दुसरी तऱ्हा जास्त अवघड. स्कोअर म्हणाला की असल्या शंभर बाळांतली दहा जातील, तर खरंच दहा गेली का? इथे बाहेरचे स्कोअर आपटतात. क्रम बरोबर लावतात, आकडा चुकतो. जिथे व्हेंटिलेटर आहे तिथली शंभर आणि जिथे एका वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटेवर, दोन बाळं झोपवली आहेत तिथली शंभर, वजन तेच असलं तरी ती शंभर वेगळी.

त्यात तो तिसरा रकाना, श्वासाला किती आधार लागला. किती लागला नव्हे हो, किती मिळाला! इंग्लंडमध्ये ज्याला व्हेंटिलेटर लागतो त्याला मिळतो, म्हणून नोंद होते. आपल्याकडे सगळी मशीन भरलेली असतील तर त्याला नळीने ऑक्सिजन, आणि रजिस्टरला 'ऑक्सिजन'. स्कोअर म्हणणार अरे वा, हे बाळ फारसं आजारी नाही. जितकी साधनं कमी तितकी बाळं कागदावर ठणठणीत. हे लक्षात आल्यावर मी मॅडमना एवढ्या उत्साहाने फोन केला जसा काही शोधच लावलाय, त्या म्हणाल्या, "हो, ते आम्हाला रोज दिसतं."

हे सगळं मी वडलांना सांगत होतो एका रविवारी बागेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी बागेत छोटं हवामान केंद्र बसवलंय, पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती, रात्रीचं तापमान किती, त्यावरून मोबाईलवर येतं की डावणीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीचा, धोका जास्त आहे. मी म्हणालो, नाना, मेसेज आला, तुम्ही फवारणी केली, डावणी आलीच नाही, मग अंदाज चुकला का बरोबर आला? नाना घड हातात धरून कात्री चालवत होते, विरळणी चालली होती, म्हणाले, "तुला अंदाजाची बाजू घ्यायचीय का बागेची?" एवढंच बोलले आणि पुढच्या वेलाला गेले. पण गोष्ट तीच आहे. धोका जास्त दिसला म्हणून सिस्टरने ते बाळ आपल्या टेबलाशेजारच्या वॉर्मरवर घेतलं, दर अर्ध्या तासाने हात लावून बघितलं, ते वाचलं, तर माझ्या शीटमध्ये स्कोअर चुकला असं लाल येणार. चुकावा म्हणूनच तर केला होता.

उलटं पण होतं, आणि त्याची भीती मोठ्या सिस्टरना होती. आम्ही कागदावर टक्के छापून प्रत्येक बाळाच्या फाईलला लावायचं ठरवत होतो. मला तर त्याचं डिझाइनच सुचलं होतं, हिरवा-पिवळा-लाल. सिस्टर म्हणाल्या, "नंबर लावू नका." का? "ऐंशी टक्के जाणार असं लिहिलेलं दिसलं ना, की हात थांबतो. कुणी मुद्दाम नाही थांबवत, पण थांबतो. दोन बाळं एकदम रडली तर माणूस कुणाकडे आधी जाईल?" मॅडम आणि त्यांच्यात बरीच वादावादी झाली, म्हणजे मॅडम बोलल्या आणि सिस्टर गप्प राहून आपल्या म्हणण्यावर राहिल्या. अशा वॉर्डात तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी असं मार्गदर्शक पुस्तिकेत आहे, पुस्तिकेत. रात्रपाळीला वस्तुस्थिती काय असते ते विचारू नका. तेव्हा कुणाकडे आधी बघायचं हा प्रश्न तिथे दर दहा मिनिटांनी येतो, आणि स्कोअर हा त्या प्रश्नासाठी आहे, बापाच्या 'वाचेल ना' साठी नाही. माझ्या लेकीला त्या दिवशी कुणी पंधरा टक्के म्हणून सांगितलं असतं तर मी त्या पंधरा टक्क्यांचं काय केलं असतं? तिला पंधरा टक्के मरायचं नव्हतं.

शेवटी टक्के गेले. राहिला एक छोटा गोल स्टिकर, ज्या बाळांना आधी बघायचं त्यांच्यासाठी, आणि तोसुद्धा सिस्टरच्या रजिस्टरवर, फाईलवर नाही.

तसं बघितलं तर महाराष्ट्राचं चित्र बरं आहे. सरकारच्या नमुना नोंदणीत २०२० साली देशात हजार जन्मांमागे २० बाळं पहिल्या २८ दिवसांत गेली, महाराष्ट्रात ११. यात आपल्या गडचिरोलीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ते त्याच वाटेने आलेलं आहे. आणि तिथली एक गोष्ट मला फार आवडते. गावातल्या सुइणींना मोठे आकडे मोजता यायचे नाहीत, आणि छोट्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्यावर गेला तर धोका, तर बंगांनी मण्यांची पाटी केली. शेजारी मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. माझ्या शीटपेक्षा ते कितीतरी सरस आहे. लाईट गेली तरी चालतं.

लाईटवरून आठवलं. मागच्या जानेवारीत मी एका संध्याकाळी नवीन शीट सिस्टरना दाखवायला गेलो होतो, टॅबवर, वजन टाका, ऑक्सिजन टाका, तापमान टाका, बटण दाबा. तेवढ्यात हरसूलकडून एक बाळ आलं. दुसऱ्या खेपेची बाळंतीण, आडबाजूच्या, अगदी आतल्या पाड्यावरची, सोबत सासू आणि नवरा. बाळ १६२० ग्रॅम, मी काट्यावर स्वतः वाचलं. आणि लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला जो काय अर्धा मिनिट लागतो त्यात मी टॅबच्या उजेडात वायफायचं गोल फिरताना बघत होतो आणि सिस्टरनी तोपर्यंत हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, मग पायाला. "पोट कोमट आहे, पाय गार. आईला आत घ्या."

वॉर्मर एकही रिकामा नव्हता. सिस्टरनी बाळाला कोरडं करून टोपी घातली, लंगोट बांधला, आणि बाईला खुर्चीत बसवलं. "ए बाई, ब्लाऊज सोड. लाजू नको, इथे सगळ्या बायाच आहेत," मग माझ्याकडे बघून, "तुम्ही तिकडे तोंड करा." मी भिंतीकडे तोंड करून उभा. भिंतीवर कांगारू मातेचं चित्र होतंच. कोलंबियात बोगोटामध्ये १९७८ साली पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीला बांधायला सुरुवात केली ती ही पद्धत. आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आला, पाच देशांतला, त्यात आपलं दिल्लीचंही हॉस्पिटल होतं, की १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीला लावलं तर १०० मागे १२ गेली, आणि आधी वॉर्मरवर ठेवून मग लावलं तर जवळपास १६. हे मला भिंतीकडे बघता बघता आठवत होतं, मागे सासू पुटपुटत होती, ती ज्या बोलीत बोलत होती ती मला नीट कळली नाही, पण हात जोडलेले असणार हे आवाजावरून कळत होतं.

लाईट आली. मी टॅबवर वजन टाकलं, ऑक्सिजन टाकला. सिस्टरनी काखेत लावलेलं नवीन थर्मामीटर काढून वाचलं, "३४.८ लिहा." मी लिहिलं. ३५च्या खालचा, खरा मोजलेला आकडा. बटण दाबलं, पिवळं आलं. सिस्टरनी बघितलंसुद्धा नाही, त्यांनी त्या बाईची खुर्ची आपल्या टेबलाच्या बाजूला ओढून घेतली होती केव्हाच.

तासाभराने ३५.९. मी चहा घेऊन आलो तोवर ३६.४. बाईला डुलकी लागली होती आणि बाळाचं टोपीतलं डोकं तिच्या हनुवटीखाली, नवरा दाराच्या काचेला नाक लावून उभा, तिथेच जिथे सगळे बाप उभे राहतात. त्याने मला डॉक्टर समजून विचारलं, "सायेब, वाचंल ना?" मी म्हणालो, मी डॉक्टर नाही, मी कॉम्प्युटरवाला. त्याने मान हलवली आणि परत काचेला नाक लावलं. मला अजून काहीतरी बोलायला पाहिजे होतं, सुचलं नाही.

घरी जायच्या आधी मी ती ओळ सेव्ह केली. आउटकमचा रकाना रिकामा सोडला. तो २८ दिवसांनी भरायचा असतो, त्यांच्या आशाताईला फोन करून.